‘माझ्या निष्ठेवरच शंका घेतली’: क्लिअरन्स अडकलेल्या वाचकाला उत्तर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. एच-१बी व्हिसावर आलो, २०१९ मध्ये अमेरिकेचा नागरिक झालो. आता मेरीलँडमध्ये, संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनीने ‘सीक्रेट’ क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या सरकारी परवानगीसाठी, माझा अर्ज घातला. शुक्रवारपर्यंत फॉर्म हवा असं सांगितलं, म्हणून दोन रात्री जागून भरला. आई गावी आहे हे लिहिलं. पण कोथरूडचा फ्लॅट, आईबरोबरचं जॉइंट खातं, वडील गेल्यावर सातबाऱ्यावर लागलेलं नाव आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला असलेला मेहुणा, हे राहून गेलं. तपास अधिकाऱ्याने मुलाखतीत विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. आता पत्र आलं आहे. त्यात ‘परदेशी प्रभाव’ आणि ‘जाणूनबुजून माहिती लपवली’ असे दोन ठपके आहेत. म्हणजे क्लिअरन्स नाकारला. मुलं इथेच जन्मली, इतकी वर्षं कर भरला आणि शेवटी मला गद्दार ठरवलं. मित्र म्हणतात, खात्यातून नाव काढ, जमिनीचा हक्क सोडून दे, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) परत कर. बायको रोज विचारते, ‘माझ्या भावामुळे झालं का हे?’ काय करू?

नमस्कार.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट करून घेऊ, कारण तुमचं अख्खं पत्र तिच्यावर उभं आहे. तुमचा क्लिअरन्स अजून नाकारलेला नाही. हातात आलेलं पत्र म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’. या क्षेत्रात त्याला सगळे एसओआर म्हणतात. सरकार म्हणतं, आत्ता आमच्यासमोर असलेल्या कागदांवरून तुम्हाला क्लिअरन्स देता येईल असं वाटत नाही, त्याची कारणं ही आहेत, तुमचं म्हणणं काय ते सांगा, एवढाच त्याचा अर्थ. पत्र मिळाल्यापासून उत्तराला २० दिवस असतात. कितीतरी माणसं हे पत्र वाचून इतकी खचतात की ते दिवस नुसत्या विचारात घालवतात, आणि उत्तरच गेलं नाही म्हणून प्रकरण तिथेच संपतं. तेव्हा पत्र कोणत्या तारखेला हातात पडलं ते लिहून ठेवा. भारतातून कागद मागवायला वेळ लागणार असेल तर कारण देऊन मुदतवाढ मागता येते, पण ती मुदत संपायच्या आत, आणि लेखी.

आता ‘गद्दार’ या शब्दाबद्दल. तो पत्रात कुठेही नाही, आणि तो तिथे असूच शकत नाही. त्यामागे एक इतिहास आहे. १९५० च्या दशकात विल्यम ग्रीन नावाच्या एका अमेरिकी विमान-अभियंत्याचा क्लिअरन्स काढून घेतला गेला. त्याच्याविरुद्ध कोण काय बोललं हे त्याला कळू दिलं नाही, नोकरी मात्र गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५९ मध्ये जिंकला. अशा पद्धतीने माणसाचा रोजगार हिरावून घ्यायला अध्यक्षांनी किंवा काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) परवानगी दिलेली नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुढच्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कार्यकारी आदेश १०८६५ काढला. खासगी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना कारणं लेखी मिळणं, उत्तर देता येणं, सुनावणी मागता येणं हे सगळं त्यातून आलं. त्याच आदेशात स्पष्ट लिहिलं आहे की हा निर्णय राष्ट्रहिताच्या दृष्टीने घेतला जातो, अर्जदाराच्या निष्ठेचा तो निवाडा अजिबात नाही. तुमच्या हातातलं पत्र त्याच आदेशाच्या पोटातून आलेलं आहे. बायकोलाही हे वाचून दाखवा.

मग ते बघतात तरी काय? २०१७ च्या जूनपासून सगळ्या खात्यांना एकच नियमावली लागू आहे. तिच्यात १३ कसोट्या आहेत: परदेशी प्रभाव, पैशाचे व्यवहार, दारू, अमली पदार्थ, गुन्हे, गोपनीय कागद हाताळण्यातला निष्काळजीपणा, वैयक्तिक वर्तन वगैरे. अडकलेल्या अर्जांत सर्वाधिक दिसणारं कारण म्हणजे पैसा: थकलेली क्रेडिट कार्डं, न भरलेले कर. गांजाचाही घोळ असतो. मेरीलँडमध्ये जुलै २०२३ पासून प्रौढांना तो खुला आहे, पण केंद्राच्या कायद्यात ती सूट नाही, आणि चालू सेवन करणाऱ्याला क्लिअरन्स मिळत नाही. समुपदेशकाकडे गेलो तर क्लिअरन्स जाईल, ही आपल्या लोकांत पसरलेली भीती मात्र निराधार आहे. उपचार घेणं हे नाकारण्याचं कारण नाही, असं फॉर्ममध्येच छापलेलं असतं. या भीतीपायी माणसं उपचार टाळतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्यावर यातल्या दोन कसोट्या लागल्या आहेत. त्या दोन्ही सारख्या वजनाच्या नाहीत आणि तुम्ही नेमक्या हलक्या कसोटीची चिंता करताय.

‘परदेशी प्रभाव’ ही ती हलकी कसोटी. तिच्यातला प्रश्न तुमचं मन कुठे आहे हा नसून, तुमच्या जिवाभावाच्या माणसामार्फत किंवा मालमत्तेमार्फत कुणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का, एवढाच आहे. देश मित्र असला तरी हा प्रश्न विचारला जातो, आणि त्याला कारण आहे. जोनाथन पोलार्ड हा अमेरिकी नौदलाचा विश्लेषक १९८५ मध्ये पकडला गेला तो इस्रायलला गोपनीय कागद पुरवल्याबद्दल. भारताला २०१६ मध्ये अमेरिकेने ‘प्रमुख संरक्षण भागीदार’ म्हटलं, त्याचा तुम्हाला फायदाच होईल. पण तेवढ्याने आई आणि मेहुण्याबद्दलचे प्रश्न सुटत नाहीत. ते तपशिलाने सोडवावे लागतात, आणि तुमच्याबाबतीत ते सुटण्यासारखे आहेत. ज्यांची आई गावी आहे, भाऊबंद भारतात आहेत, दरवर्षी जाणं-येणं आहे, अशा भारतात जन्मलेल्या कितीतरी नागरिकांना क्लिअरन्स मिळालेला आहे.

खरी जड कसोटी दुसरी: वैयक्तिक वर्तन. आई सांगलीला आहे म्हणून कुणी तुम्हाला नाकारणार नाही. पण फॉर्मवर चार ठिकाणी ‘नाही’ लिहिलं आणि नंतर चारही ‘हो’ निघाले, यावर मात्र नाकारू शकतात. गोपनीय कागद ज्याच्या हाती द्यायचे त्याच्या शब्दावर विसंबता येतं का, हा त्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. १९८८ च्या ‘नौदल विरुद्ध ईगन’ या गाजलेल्या निकालातला ईगन वॉशिंग्टन राज्यात पाणबुड्यांच्या तळावर मजूर होता. त्याच्या नावावर जुने गुन्हे होते, आणि त्यातले काही त्याने फॉर्मवर लिहिले नव्हते. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही आणि शंका उरली तर देशाच्या बाजूने निर्णय घ्यावा, हे सूत्र त्या निकालातलं. म्हणून शंका दूर करण्याचं ओझं तुमच्यावर आहे. ‘त्यांनी सिद्ध करून दाखवावं’ असा पवित्रा इथे चालत नाही.

आता तुमच्या चार वगळण्यांकडे एकेक करून बघू. हा भाग सावकाश वाचा.

मेहुण्यापासून सुरुवात करतो, कारण घरात सगळ्यात जास्त त्रास त्याच्यावरून चालला आहे. एसएफ-८६ या फॉर्ममध्ये नातेवाइकांचा विभाग १८ वा. त्यात नात्यांची ठरलेली यादी येते: आई, वडील, सावत्र आईवडील, भाऊ, बहीण, मुलं, सासू, सासरे. त्या यादीत मेहुणा नाही. मी कंपनीत सुरक्षा अधिकारी असताना आपल्याकडच्या माणसांचे फॉर्म याच जागी चुकलेले वारंवार पाहिले आहेत. यादीत नातं नाही, म्हणजे ते विचारत नाहीत, असं समजून माणूस पुढे जातो. पण पुढचा १९ वा विभाग विचारतो की गेल्या ७ वर्षांत जिव्हाळ्याचा, नियमित संबंध असलेला कुणी परदेशी नागरिक आहे का. मेहुणा तिथे यायला हवा होता, आणि त्याची नोकरी सरकारी मालकीच्या शस्त्रनिर्मिती कंपनीतली आहे हेही तिथेच. मुलाखतीत तो कसा निघाला हे तुम्ही लिहिलं आहे. पुण्यात कुठे उतरलात असं अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही सरळ ‘मेहुण्याच्या क्वार्टरमध्ये, खडकीला’ म्हणालात, आणि मग पुढचे प्रश्न आले. यात लपवणाऱ्याची लक्षणं नाहीत. लपवायचं असतं तर हॉटेलचं नाव सांगता आलं असतं. हे उत्तरात जसंच्या तसं लिहा: १८ व्या विभागात पर्याय दिसला नाही, १९ व्या विभागाचा अर्थ नीट लक्षात घेतला नाही, विचारल्यावर पहिल्याच प्रश्नाला सांगितलं.

बायकोला सांगा की तिच्या भावामुळे काही झालेलं नाही. त्याचं नाव पहिल्यापासून फॉर्मवर असतं तर तो एक नेहमीचा मुद्दा ठरला असता: काय काम करतो, किती वेळा बोलणं होतं, तुमच्या कामाबद्दल त्याला काय माहीत आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं आताही द्यायचीच आहेत. सणावाराला आणि मुलांच्या वाढदिवसाला फोन होत असतील तर तेवढंच लिहा. कमी करून सांगू नका.

फ्लॅट आणि जॉइंट खातं २० व्या विभागात येतात, आणि इथे ‘पर्याय दिसला नाही’ म्हणता येणार नाही. परदेशात स्थावर मालमत्ता आहे का, बँकेत पैसे आहेत का, परदेशी नागरिकाला आर्थिक मदत करता का, असे थेट प्रश्न तिथे आहेत. आईला दरमहा पैसे पाठवत असाल तर तेही त्यातच. तुमच्या मनात त्या वेळी काय होतं ते तुम्हीच जाणता. ‘खातं आईचं, माझं नाव फक्त सोयीसाठी’ असं वाटलं असेल तर ते खरं आहे, आणि आपल्याकडे घरोघरी असंच असतं, पण अमेरिकेच्या दृष्टीने तुम्ही खातेदार आहात. तसं वाटलं असेल तरच तसं लिहा. घाईत ‘नाही’ ठोकत गेलात असं असेल तर तेच लिहा. या दोन्हींतलं जास्त बरं कोणतं दिसेल हा विचार करूच नका.

इथेच एक गंभीर गोष्ट तपासायची आहे. परदेशी खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर अमेरिकेच्या अर्थखात्याकडे दरवर्षी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि जॉइंट खात्याची पूर्ण रक्कम त्यात धरली जाते. आईच्या एफडी त्याच खात्याला जोडलेल्या असतील तर त्यावरही तुमचं नाव आहे का ते बघा. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ते भाडं इथल्या कर-विवरणात दाखवायला हवं होतं. यातलं काही राहिलं असेल तर या आठवड्यात अमेरिका आणि भारत दोन्हीकडचे कर जाणणाऱ्या सीएकडे किंवा सीपीएकडे जा, आणि उत्तर पाठवण्याआधी दुरुस्ती सुरू करा. सुनावणीत दुसऱ्याने हे काढलं तर प्रकरण वेगळ्याच वळणावर जाईल.

राहिला सातबारा. त्याने तुमची झोप उडाली आहे आणि तो सगळ्यात सोपा आहे. वडील गेल्यावर वारसनोंद झाली, आईबरोबर तुम्हा भावंडांची नावं लागली. तुम्ही अर्जही केला नसेल. तलाठ्याकडे घरच्यांनी कागद दिले असतील. तो फेरफार उतारा काढा. त्यावर तारीख असते आणि ‘वारस’ असं कारण असतं, म्हणजे तुम्ही परदेशात गुंतवणूक केलेली नाही हे सरकारी कागदच सांगतो. सातबारा आणि फेरफार दोन्हींचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा, नुसते मराठी उतारे पाठवू नका. एकूण क्षेत्र किती, खातं सामाईक आहे, तुमचा हिस्सा किती, त्याची आजची अंदाजे किंमत किती, हे एका परिच्छेदात लिहा. मग शेजारी इथलं मांडा: मेरीलँडचं घर, निवृत्तीचा निधी, बचत. परदेशातली मालमत्ता इथल्याच्या मानाने इतकी कमी असेल की तिच्यावरून दबाव येऊ शकत नाही, तर ती बाब सौम्य धरावी, असं नियमावलीतच आहे.

आता मित्रांच्या सल्ल्याबद्दल. खात्यातून नाव काढू नका, हक्कसोडपत्र करू नका. आईला वय झाल्यावर बँकेच्या कामाला दुसरं नाव लागतंच. तुम्ही पत्र आल्यावर घाईघाईने नाव काढलंत तर सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशांना त्यात नातं तुटलेलं दिसणार नाही, भीती दिसेल. आईचे फोन कमी करणं तर दूरच ठेवा. आईशी रोज बोलणारा मुलगा ही नियमावलीला न समजणारी गोष्ट नाही. तुमची मुळं इथेही किती खोल गेली आहेत हे दाखवायचं असतं. तिथली उपटून दाखवायची नसतात.

ओसीआयचंही तेच. ते भारताचं नागरिकत्व नाही. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हा १९५५ च्या कायद्याप्रमाणे तुमचं भारतीय नागरिकत्व संपलंच. जुना पासपोर्ट जमा केल्याचा दाखला असेल तर तो जोडा. ओसीआय फक्त जाण्या-येण्याच्या सोयीसाठी आहे, प्रवास अमेरिकी पासपोर्टवर होतो, असं दोन ओळींत लिहिलं की पुरे.

उत्तर लिहिताना एका जागी फार जपून. एसओआरमध्ये प्रत्येक आरोपाला क्रमांक असतो आणि प्रत्येकासमोर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहावं लागतं. ‘सगळं अमान्य’ असं मोघम उत्तर चालत नाही. आई भारतात राहते, फ्लॅट आहे, हे मान्यच करायचं. पण दुसऱ्या ठपक्यातलं वाक्य बघा, त्यात ‘जाणूनबुजून’ आहे. माहिती दिली नव्हती हे खरं, म्हणून माणूस प्रामाणिकपणे ‘मान्य’ लिहितो आणि तिथे मुद्दाम खोटं बोलल्याची कबुली देऊन बसतो. तुमचा हेतू तसा नव्हता तर ‘अमान्य’ लिहा, आणि खाली लगेच: माहिती राहिली हे मी मान्य करतो, ती मुद्दाम दडवली हे अमान्य करतो, कारण असं असं. हा एक शब्द तुमच्या प्रकरणात फार महाग पडू शकतो. एवढ्यासाठी तरी या कामात मुरलेल्या वकिलाला एक तास दाखवा. सगळं प्रकरण त्याच्याकडे देणं परवडलं नाही तरी हा तास परवडवा.

आणि खरोखर मुद्दाम दडवलं असेल तर? तसं असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि एक ओळही लिहिण्याआधी वकिलाकडे जा. केंद्र सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही.

उत्तराबरोबर तुम्हाला निवड करायची असते: कागदांवरच निर्णय हवा की सुनावणी. सुनावणी मागा. कंत्राटदार कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची प्रकरणं संरक्षण खात्याच्या ‘डोहा’ या सुनावणी कार्यालयातले न्यायाधीश ऐकतात. तुमचा सगळा वाद हेतूचा आहे, आणि हेतू कागदावरून कळत नाही. समोर बसलेला माणूस गडबडीत चुकला की बनेल आहे, हे बोलताना कळतं. तुमचे साहेब, शेजारी, मुलांच्या शाळेतलं किंवा मराठी मंडळातलं कुणी, तुम्हाला जवळून ओळखणारे साक्षीला आणता येतात. निकाल विरुद्ध गेला तर १५ दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते. पण अपिलात नवा पुरावा घेत नाहीत, म्हणून जे द्यायचं ते आधीच द्या. अंतिम नकारानंतर एक वर्ष पुन्हा अर्ज करता येत नाही, त्यानंतर येतो.

डोहाचे जुने निकाल, अर्जदारांची नावं काढून, सगळ्यांना वाचायला खुले आहेत. भारतातले नातेवाईक असलेल्या अर्जदारांचे निकाल शोधून रात्री दोन-तीन वाचा, मंजूर झालेले आणि नाकारलेले दोन्ही. आपल्यासारखीच माणसं, आई कोल्हापूरला नाहीतर विजयवाड्याला, आणि न्यायाधीश त्यांच्याबद्दल किती शांतपणे, बारकाईने लिहितात ते दिसेल. मला वाटतं, तुमच्या मनातला अपमान त्याने जितका कमी होईल तितका माझ्या पत्राने होणार नाही.

कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला एसओआर आल्याचं उद्याच सांगा. त्यांना नंतर कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. सांगलीला फोन करून फेरफार आणि सातबारा आजच मागवा, डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. मुदतवाढीचं पत्र लागलं तर मला कळवा, नमुना पाठवतो. मात्र एसओआरची प्रत किंवा मेहुण्याचे तपशील या सदराच्या पत्त्यावर पाठवू नका.